मालकाच्या जोखमीवर

निपाणीच्या बुकिंग ऑफिसात एकतीस वर्षं बिल्ट्या फाडल्या मी.
गुलाबी प्रत ड्रायव्हरला, पिवळी व्यापाऱ्याला,
पांढरी आमच्या फायलीत, तंबाखूचा वास पिऊन
तांबूस होत गेलेली.
सुभूषण सावकारांबद्दल विचारलंत तर
आधी आठवतो बिल्टीच्या पाठीवर पेन्सिलीनं
ट्रक काढणारा सात वर्षांचा पोरगा.
त्याच्या ट्रकला कायम एक चाक जास्त.
"स्टेपनी हाय ती," म्हणायचा. "वाटेत लागतंय."

आजोबा आदगोंडा. एकच लॉरी, लिलावातली.
नंबरपाटी मुंबई राज्याची होती,
एका नोव्हेंबरात म्हैसूरची झाली.
लॉरी तीच, तवंदीचा घाट तितकाच चढा.
"पाटी रंगवणावळ सव्वा रुपया,"
एवढंच त्यांनी खतावणीत लिहिलं.
भांडण ज्यांना सवड होती त्यांनी केलं.

वडील रायगोंडा. चाळीस ट्रक.
कोगनोळी नाक्यावरच्या एकेका साहेबाच्या
मुलीच्या लग्नाची तारीख तोंडपाठ.

बारावीच्या सुट्टीत त्यांनी पोराला
हुसेनसाब किल्लेदारच्या गाडीवर क्लीनर म्हणून धाडलं.
हुसेनसाबनं त्याला सीटवर बसू दिलं नाही.
ताडपत्रीची गाठ शिकवली,
आणि लोखंडी दांडक्यानं टायर ठोकून ऐकायला:
"भरल्याला टायर 'हौद' म्हणतंय बघ,
बसल्यालं गप बसतंय."
महिन्यानं परत आला तेव्हा तळहात सोललेले,
आणि कन्नडात शिव्या इतक्या स्वच्छ
की आई देवघरातून उठून गेली.

मग रॉटरडॅम. एकदा रात्री फोन:
"काका, इथं बंदरात माणूसच दिसत नाही,
डबे आपले आपण चालतात."
मी म्हटलं, जेवलास काय?

आले ते बारीक फ्रेमचा चष्मा घालून.
हत्तरगीजवळ बारा एकरांत गोदाम,
काचेची खोली, भिंतभर पडदा,
पडद्यावर चारशे हिरवे ठिपके.
त्याच सुमारास नाका उठला;
रायगोंडांचं सगळं पाठांतर एका रात्रीत वाया.
मला वाईट वाटलं. त्यांना जास्त वाटलं असणार,
पण त्यांनी नुसती अडकित्त्यानं सुपारी कातरली.

त्या डिसेंबरात दूधगंगेच्या पुलापाशी दगड सुरू झाले.
इकडचे तिकडच्या गाड्यांवर, तिकडचे इकडच्या.
चौतीस ठिपके जागेवर थांबले. तांबडे झाले.
सावकार स्वतः गाडी काढून गेले, हे खरं.
हुसेनसाबच्या भुवईतली काच
मोबाईलच्या उजेडात त्यांनीच वेचली, हेही खरं.
पहाटे दोघं टायर ठोकत गाडीभोवती फिरत होते म्हणे.

पुढच्या महिन्यात हुसेनसाबचा पगार आला.
"विनाकारण थांबा: अकरा तास." तेवढी कपात.
तो चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आला, हसला.
"यंत्राला धोंडं दिसत न्हाईत, काका."
सावकारांनी पैसे परत केले, त्याच दिवशी, रोख.
पडद्यातला नियम मात्र तसाच राहिला.
त्यावर मी काही बोललो नाही.
माझी मुलगी त्याच कंपनीत कामाला होती.

गुडगावच्या लोकांनी कंपनी घेतली,
आकडा पेपरात आला. माझ्या खतावणीच्या रकान्यात
तो मावला नसता.

परवा फोन आला. सावकारच.
"काका, ती ताडपत्रीची गाठ. दुसरा फेरा
आतनं घ्यायचा की बाहेरनं?"
मी म्हटलं, मला बिल्टी येते, गाठ येत नाही.
हुसेनसाबला ठाऊक. नंबर देऊ?
हुबळीकडे असतो हल्ली, दुसऱ्याच्या गाडीवर.

बराच वेळ आवाज नाही.
मागे कुठलीतरी जड गाडी गिअर बदलत चढ चढत होती.
मी तोवर पेन हातात घेऊन बसलो,
ते नंबर लिहून घेणार आहेत अशा समजुतीनं.
समोरच्या कागदावर जुना शिक्का उमटला होता:
माल मालकाच्या जोखमीवर.